सात वर्षांची सही

दहावीचा निकाल लागला की घरी माणसांची ये-जा वाढते. चाचा येतात, मामू येतात, गल्लीतले ओळखीचे लोक येतात. पेढा तोंडात टाकतात आणि विचारतात, "आता पुढे काय?" हा प्रश्न तुम्हालाही लवकरच विचारला जाईल. मला तो १९९४ साली मालेगावात विचारला गेला. मी उत्तर दिले, "विमान अभियांत्रिकीची पदविका." ते ऐकून सगळ्यांना वाटले, मुलगा वैमानिक होणार. एक चाचा म्हणाले, "वा! मग आम्हाला हजला तूच घेऊन जा."

मित्रांनो, हा गैरसमज आधी दूर करू या. विमान चालवतो तो वैमानिक. त्याचे शिक्षण वेगळे, परवाना वेगळा. विमान अभियांत्रिकीत शिकवतात ते विमान कसे बनते, हवेत कसे टिकते आणि त्याला सुस्थितीत कसे ठेवायचे ते. मी आयुष्यात एकदाही विमान उडवलेले नाही. पण वैमानिकाने उड्डाण करण्यापूर्वी एका कागदावर ज्याची सही लागते, ते काम मी करतो. "या विमानाचे ठरलेले काम पूर्ण झाले आहे, ते उड्डाणास योग्य आहे," असे त्या कागदावर लिहिलेले असते. तशी सही करण्याचा अधिकार मला दहावीनंतर सात वर्षांनी मिळाला. त्या सात वर्षांबद्दल तुम्हाला सांगतो.

मालेगावात यंत्रमागाला सांचा म्हणतात. आमच्या घरी चार सांचे होते. अब्बांना लिहितावाचता येत नव्हते, पण सांच्याच्या आवाजावरून ते दोष ओळखत. धोट्याचा खटका बदलला की झोपेतून उठून येत. माझ्या शिक्षणाचा खर्च ऐकल्यावर ते दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, "हे शिकलास तर बंद पडलेलं विमान तुला दुरुस्त करता येईल?"

मी म्हणालो, "हो, अब्बा."

"आणि बंद पडायच्या आधी?"

मला उत्तर सुचले नाही. त्यांनी एक सांचा विकला आणि मला हैदराबादला पाठवले. त्यांचा प्रश्न मात्र अगदी मुळाचा होता, हे मला पुढे वर्गात समजले. सांचा थांबला की कारागीर पाना घेऊन येतो. कापड थोडे कमी निघते, एवढेच नुकसान. विमान थांबेपर्यंत वाट पाहता येत नाही. म्हणून त्याचे काही भाग चांगले चालत असतानाच काढून टाकतात. इतके तास उड्डाण झाले की हा भाग बदला, इतक्या वेळा विमान उतरले की तो भाग तपासा, असे आधीच ठरवून दिलेले असते. चांगला दिसणारा भाग फेकायचा, हे मालेगावच्या माणसाला पटायला जड जाते. सुट्टीत घरी आलो तेव्हा मी अब्बांना हे सांगितले. ते म्हणाले, "मग ठीक आहे."

हैदराबादची आणखी एक आठवण सांगतो, ती विमानाची नाही. तिथले लोक 'नहीं चाहिए' म्हणण्याऐवजी 'नक्को' म्हणतात. पहिल्याच दिवशी चहावाल्याच्या तोंडून तो शब्द ऐकून मला हसू आले. हा तर आपला मराठी 'नको'! दख्खनी बोलीत तो शेकडो वर्षांपूर्वीच जाऊन बसला आहे. परक्या शहरात पहिला ओळखीचा चेहरा दिसावा, तसा तो शब्द मला भेटला.

आता अभ्यासाकडे येऊ. पदविकेचे पहिले वर्ष फारसे विमानाचे नसते. गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी चित्रकला आणि कार्यशाळा. कार्यशाळेत आम्हाला लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा दिला आणि हातात कानस दिली. ठोकळ्याच्या सर्व बाजू सपाट आणि काटकोनात करायच्या होत्या. आम्ही घासत होतो, गुरुजी येऊन ठोकळ्याला गुण्या लावत होते आणि तो उजेडासमोर धरत होते. गुण्या आणि ठोकळा यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, की ठोकळा परत. तळहाताला फोड आले. वर्गातली दोन मुले महिनाभरात घरी निघून गेली. त्यांना विमानाजवळ उभे राहायचे होते आणि इथे लोखंड घासावे लागत होते. मला विचाराल तर तो महिना वाया गेला नाही. केसाएवढा फरकही फरकच असतो, हे तेव्हा हाताला कळले.

दुसऱ्या वर्षापासून विषय खुलू लागतात. पंखावरून वाहणारी हवा विमानाला कशी उचलते, इंजिन कसे काम करते, विमानाच्या पत्र्यात ॲल्युमिनियमबरोबर दुसरे धातू का मिसळतात, हे शिकवतात. प्रवासी विमान साधारण ३५,००० फुटांवर उडते, तेव्हा बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस शुद्धीवर राहणार नाही. म्हणून आत हवा दाबून भरतात. त्यामुळे विमानाचे शरीर प्रत्येक उड्डाणात किंचित फुगते आणि खाली आल्यावर पूर्ववत होते. एखादी तार पुन्हापुन्हा वाकवली की ती तुटते, हे तुम्ही करून पाहिले असेल. तोच धोका इथेही असतो. पत्र्यात किंवा धातूच्या भागात डोळ्यांना न दिसणारी चीर पडू शकते.

ती चीर शोधण्याची एक युक्ती मला फार आवडते. भाग स्वच्छ करून त्यावर लाल रंगाचा पातळ द्रव लावतात. थोडा वेळ थांबून तो पूर्ण पुसून टाकतात. मग वर पांढऱ्या भुकटीचा थर देतात. चीर असेल तर तिच्यात शिरलेला रंग हळूहळू वर येतो आणि पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते. सगळा वर्ग ती रेघ पाहायला वाकला होता. एवढासा रंग आणि एवढीशी भुकटी, पण लपलेली गोष्ट बाहेर येते!

माझी खरी भीती होती ती इंग्रजीची. मी उर्दू माध्यमातून गेलेला. घरी उर्दू, बाजारात मराठी आणि इंग्रजी फक्त परीक्षेपुरती. विमानाची सारी पुस्तके इंग्रजीत. तुमच्यापैकी अनेकांना हीच भीती असेल, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जगातल्या विमानांची देखभाल करणाऱ्या लोकांपैकी फार मोठ्या संख्येची मातृभाषा इंग्रजी नाही. त्यांनी पुस्तिका चुकीची वाचली तर विमानाला धोका. म्हणून युरोपातील विमान उद्योगाने १९८६ साली सोप्या इंग्रजीचे नियम तयार केले. त्यात सर्वसाधारण शब्द सुमारे ९००. एका शब्दाचा शक्यतो एकच अर्थ. इंग्रजीत 'फॉल' या शब्दाचे अनेक अर्थ होतात, पण इथे त्याचा अर्थ फक्त वरून खाली पडणे. काम कसे करावे हे सांगणारे वाक्य २० शब्दांपेक्षा मोठे करायचे नाही. यंत्रांची नावे वेगळी शिकावी लागतात, हे खरे. पण ती इंग्लंडच्या मुलालाही वेगळीच शिकावी लागतात. मी रोज दहा शब्द वहीत लिहीत असे, समोर उर्दूत अर्थ. वर्ष संपेपर्यंत पुस्तिका वाचताना कोश उघडावा लागेना.

तीन वर्षांनी, १९९७ साली, पदविका हाती आली. मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली. पण पदविका म्हणजे सहीचा अधिकार नव्हे. तो परवाना देते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. त्यासाठी प्रत्यक्ष विमानावर काम केल्याचा अनुभव लागतो आणि वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. शाळेत ३५ गुण मिळाले की आपण पास होतो. या परवान्याच्या परीक्षांत आज ७५ टक्के गुण लागतात. हे कडक वाटते, पण क्षणभर विचार करा. १०० बोल्टपैकी ३५ बोल्ट नीट बसवलेल्या विमानात तुम्ही बसाल का?

बोल्टवरून १९९० सालची एक घटना आठवते. ती आम्हाला वर्गात शिकवली होती. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनकडे निघाले. १७,००० फुटांच्या वर गेल्यावर वैमानिकासमोरची एक काच निखळून बाहेर उडाली. मुख्य वैमानिक कमरेपर्यंत विमानाबाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि दुसऱ्या वैमानिकाने विमान उतरवले. आश्चर्य म्हणजे विमानातील सर्व ८७ जण वाचले. चौकशीत कारण सापडले. आदल्या दिवशी रात्रपाळीत ती काच बदलली होती. तिच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा बारीक होते. किती बारीक? एक मिलिमीटरही नाही, सुमारे पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी. जुना बोल्ट पाहून नजरेने जोडी लावली होती, सुट्या भागांची पुस्तिका पाहिली नव्हती. काम करणारा माणूस अनुभवी होता. हे वाचल्यावर मला आमचा गुण्या आणि उजेडाची रेघ आठवली.

अनुभवासाठी मी मुंबईला आलो. विमाने दुरुस्तीसाठी जिथे उभी करतात त्या प्रचंड शेडला हँगर म्हणतात. आमच्या पाळीचे मुख्य तंत्रज्ञ साताऱ्याकडचे होते. त्यांना सगळे मामा म्हणत. ते अस्सल गावाकडचे मराठी बोलत. शाळेत मराठीच्या तासाला मी जे काही शिकलो होतो, ते सर्व तिथे उपयोगी पडले. जे शिकलो नव्हतो, ते मामांनी शिकवले. 'आटे', 'वायसर', 'ढिला', 'घट्ट' हे शब्द त्यांनी उच्चारले की हात आपोआप चालू लागत. मामांचे एक वाक्य ठरलेले होते, "लिहिलं नाही तर केलं नाही." तुम्ही भाग कितीही चांगला बसवा, नोंद नसेल तर ते काम झालेच नाही असे धरायचे.

हँगरमधील हत्यारांच्या फळीबद्दल सांगायला हवे. फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला असतो. पाना काढला की त्याच्या जागी रंगवलेला पाना दिसतो आणि तिथे घेणाऱ्याच्या क्रमांकाचा बिल्ला अडकवायचा. काम संपल्यावर फळी पूर्ण भरली पाहिजे. एकही रंगीत आकार उघडा दिसता कामा नये.

१९९८ च्या पावसाळ्यातील एक रात्र होती. पहाटे निघणाऱ्या एका विमानाचे काम संपत आले होते. मध्यरात्रीनंतर आमच्याबरोबरचा एक मदतनीस मामांजवळ आला. तो नवा होता, रोजंदारीवर होता. खाली मान घालून म्हणाला, "मामा, आरसा सापडत नाही." दांडीला लावलेला छोटा गोल आरसा, जिथे डोके जात नाही तिथे पाहण्यासाठी वापरतात तो.

कोणीतरी वैतागून म्हणाले, "अरे, वीस रुपयांचा आरसा! नवा आणून अडकव फळीला. विमान सोडायचंय."

मामा शांतपणे म्हणाले, "आरसा वीस रुपयांचाच आहे. पण तो कुठे आहे, ते सांग. मग विमान सोडतो."

काम थांबले. आम्ही खुर्च्यांखाली, चाकांच्या खोबणीत, कचऱ्याच्या डब्यांत शोधले. साहेबांचे दूरध्वनी येऊ लागले. विमान उशिरा निघाले तर प्रवासी ओरडणार, जाब आम्हाला द्यावा लागणार. मामा प्रत्येक वेळी एवढेच सांगत, "शोधतोय." बंद केलेली झाकणे पुन्हा उघडली. साडेतीनच्या सुमारास विमानाच्या शेपटीच्या पोकळीत विजेरीच्या उजेडात काहीतरी चमकले. तो आरसा होता. तिथे एक कप्पी असते आणि तिच्यावरून पोलादी तार जाते. वैमानिक विमानाचे नाक वर-खाली करतो, तेव्हा ती तार हलते. आरसा त्या कप्पीपासून वीतभर अंतरावर होता. विमान हलले असते, तिरके झाले असते, तर तो कुठे सरकला असता हे कोणी सांगावे?

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामांनी नोंदवही उघडली. काय हरवले, किती वाजता कळले, कुठे सापडले, हे लिहिले. मग त्यांनी मदतनिसाला त्याचे पूर्ण नाव विचारले. त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटले, नोकरी गेली. मामांनी लिहिले, "हत्यार हरवल्याची माहिती यांनी स्वतःहून दिली," आणि पुढे त्याचे नाव घातले. मग नोंदवही त्याच्यासमोर धरली आणि म्हणाले, "वाच आणि सही कर." विमान पन्नास मिनिटे उशिरा निघाले.

२००१ साली मला परवाना मिळाला. पहिली सही करताना मी आधी फळीकडे पाहिले. आजही पाहतो.

तुमच्या मनात आता प्रश्न आला असेल की हे शिकायचे तर करायचे काय? दहावीनंतर तीन वर्षांची विमान अभियांत्रिकीची पदविका देशातील काही तंत्रनिकेतनांत मिळते, सगळीकडे नाही. अनेक जण यंत्र अभियांत्रिकी किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन विमानाकडे वळतात, तोही चांगला रस्ता आहे. पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. परवान्याच्या परीक्षेला बसायचे असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे, नाहीतर अभियांत्रिकीची पदविका. आपल्याच नाशिक जिल्ह्यात ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तो १९६४ साली मिग विमाने बनवण्यासाठी सुरू झाला. पुढे तिथे सुखोई विमाने तयार झाली आणि २०२५ साली तिथे बनलेले तेजस विमान आकाशात गेले. मालेगावहून ओझर शंभर किलोमीटरच्या आत आहे, हे मला लहानपणी कोणी सांगितले नव्हते.

पदविका म्हणजे पदवीची धाकटी बहीण, असे कोणी नाक मुरडून म्हटले तर मनावर घेऊ नका. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम मद्रासला विमान अभियांत्रिकी शिकले. प्रवेशाच्या फीसाठी त्यांच्या बहिणीने सोन्याच्या बांगड्या गहाण टाकल्या, हे तुम्ही ऐकले असेल. पण शिक्षणानंतर ते बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये शिकाऊ म्हणून गेले आणि तिथे इंजिने उघडून दुरुस्त करणाऱ्या तुकडीत होते, हे सहसा कोणी सांगत नाही. तेलाचे हात त्यांचेही झाले होते.

बांगड्यांवरून आमच्या खालाची गोष्ट आठवली. २०१९ साली त्यांचा मुलगा एक रंगीत माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आला. मुखपृष्ठावर मोठे विमान, आत 'शंभर टक्के नोकरी', 'परदेशी पदविका' असे ठळक शब्द. खाला बांगड्या सोनाराकडे घेऊन निघाल्याच होत्या. मी त्यांना थांबवले. आम्ही त्या संस्थेला दूरध्वनी केला आणि तीनच गोष्टी विचारल्या. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का? परीक्षा राज्याचे तंत्रशिक्षण मंडळ घेते की तुम्हीच? परवान्याचे शिक्षण देत असाल तर डीजीसीएच्या मान्य संस्थांच्या यादीत तुमचे नाव आहे का? पलीकडचा गृहस्थ गोड बोलत होता. म्हणाला, "मान्यता येणारच आहे, तुम्ही जागा तर अडवून ठेवा." आम्ही यादी उघडून पाहिली. नाव नव्हते. बांगड्या घरी परत आल्या. खालाच्या मुलाने शासकीय तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. फी पुष्कळ कमी होती.

नियम आणि याद्या बदलत असतात. म्हणून माझ्या सांगण्यावरही जाऊ नका. प्रवेश घ्याल त्या वर्षीची यादी स्वतः पाहा, घरच्यांनाही दाखवा.

आमच्या आपाची मुलगी सध्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात मुली चारच आहेत, पण कानस तिच्या हातात चांगली चालते असे तिचे गुरुजी म्हणतात. परवा रात्री तिचा फोन आला. कार्यशाळेत तिने शीतपेटी उघडली तर आत खायचे काही नव्हते, रिव्हेट होते! रिव्हेट म्हणजे विमानाचे पत्रे जोडणारा बिनआट्यांचा खिळा. एका मिश्रधातूचे रिव्हेट तापवून एकदम थंड केले की थोडा वेळ मऊ राहतात, मग आपोआप कडक होत जातात. थंडीत ठेवले तर बराच काळ मऊ राहतात. म्हणून ते गार ठेवतात आणि बाहेर काढले की लगेच ठोकतात. मी तिला यातले काही सांगितले नाही. पुस्तकाचे प्रकरण तेवढे सांगितले. अर्ध्या तासाने तिचा पुन्हा फोन आला आणि हे सारे तिनेच मला समजावून सांगितले.